‘ब्लॉक कर ना!’ म्हणून मोकळं होऊ नका

सोशल मीडियावर बदनामी झालेली मैत्रीण सगळ्यात आधी पोलिसांकडे जात नाही, आईबाबांकडेही जात नाही. ती तुमच्याकडे येते. तेव्हा काय बोलायचं हे शिकता येतं, त्याचं प्रशिक्षणही असतं.

बालाजीच्या यात्रेतला फोटो होता तो. दसऱ्याच्या सुमारास देऊळगाव राजात यात्रा भरते तेव्हा आख्खं गाव तिथे असतं, आम्हीही होतो. पाळण्यांसमोर उभं राहून पाचजणींनी काढलेला साधा फोटो. एका मैत्रिणीने तो इन्स्टावर टाकला. तीन-चार दिवसांनी त्यातून फक्त तिचा चेहरा कापून कुणीतरी नवीन अकाउंट काढलं. नाव तिचं, फोटो तिचा, खाली तिचा मोबाइल नंबर. सोबतचा मजकूर इथे छापण्यासारखा नाही.

रात्रभर फोन वाजत राहिला. सकाळी ती एसटी स्टँडवर मला भेटली. मी तेव्हा सेकंड इयरला होते आणि स्वतःला फार हुशार समजायचे. मी म्हटलं, ‘अगं ब्लॉक कर ना. सगळं डिलीट करून टाक. लक्षच देऊ नको.’

तिने ऐकलं. मेसेज डिलीट केले, कॉल लॉग साफ केला, अकाउंट ब्लॉक केलं. आठवड्याने घरी कळलं. भावासोबत तक्रार द्यायला गेली तेव्हा दाखवायला हातात काहीच नव्हतं. त्या वर्षी तिने परीक्षा दिली नाही. (हे सगळं तिला विचारूनच लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

आता मास कम्युनिकेशन करताना याच विषयावर वाचायला बसले, तेव्हा कळलं की माझा सल्ला दोन बाजूंनी चुकीचा होता. पुरावा गेला, ही एक बाजू. आणि ‘लक्ष देऊ नको’ म्हणजे ‘तुला वाटतंय तेवढं काही मोठं नाही’ असंच मी तिला सांगितलं होतं, ही दुसरी.

बघा, ऐका, जोडा

जखम झाली की डॉक्टर येईपर्यंत आपण प्रथमोपचार करतो. मनाचेही प्रथमोपचार असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्याची एक मार्गदर्शिका काढली. भूकंप, पूर, दंगल अशा प्रसंगात सापडलेल्या माणसाला डॉक्टर नसलेल्या साध्या माणसाने कसा आधार द्यायचा, हे त्यात आहे. सूत्र तीन शब्दांचं : बघा, ऐका, जोडा. सायबर छळाला ते जसंच्या तसं लागू पडतं. कारण ज्याच्यावर ही वेळ येते त्याच्यासाठी तो भूकंपच असतो. फरक एवढाच की हा भूकंप थांबत नाही. वर्गातली चिडवाचिडवी निदान घरी आल्यावर थांबायची. फोन मात्र उशाशी असतो. शिवाय अकाउंट कुणाचं हे माहीत नसल्यामुळे वर्गातल्या प्रत्येकाचा संशय यायला लागतो.

आणि गाव लहान असेल तर? पुण्या-मुंबईत अनोळखी गर्दीत हरवता तरी येतं. देऊळगाव राजात रिचार्ज मारणारा दादा ओळखीचा, झेरॉक्सवाला ओळखीचा, शेजारच्या काकूंचा मुलगा आपल्याच कॉलेजात. कुणी नुसतं हसलं तरी वाटतं, याने बघितलं असणार.

‘बघा’ म्हणजे आधी माणूस बघा, फोन नंतर. जेवतेय का, झोपतेय का, कॉलेजला यायचं बंद झालंय का, एकटी सोडण्यासारखी आहे का.

‘ऐका’ हे सगळ्यात अवघड. कारण आपल्याला लगेच उपाय सांगायचा असतो, नाहीतर कारण शोधायचं असतं. ‘तू कायले टाकला फोटो?’ हा आपल्याकडचा पहिला प्रश्न. घरात हाच, मैत्रिणींत हाच. मी बसले त्या सायबर जागृतीच्या दोन कार्यक्रमांतही स्टेजवरून मुलींना हेच सांगितलं गेलं : फोटो टाकू नका. म्हणजे ज्याने अकाउंट काढलं तो राहिला बाजूला, प्रश्न फोटो टाकणारीला. दुसरा प्रकार मुलांचा : ‘नाव सांग, त्याच्याकडे बघतो मी.’ ऐकायला भारी वाटतं, पण त्यातून मारामारी होते आणि जी गोष्ट दहा जणांना माहीत होती ती दोनशे जणांना कळते.

त्याऐवजी काय म्हणायचं? साधं बोलायचं. ‘मला सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही. आत्ता सगळ्यात जास्त भीती कशाची वाटतेय?’ हा शेवटचा प्रश्न मी तेव्हा विचारला असता, तर मला कळलं असतं की तिला त्या अकाउंटपेक्षा बाबांची भीती वाटत होती. फोन काढून घेतील, कॉलेज बंद करतील, स्थळं बघायला लागतील. बऱ्याच मुली गप्प बसतात त्या या हिशेबामुळे. तो हिशेब कळल्याशिवाय ‘घरी सांगून टाक’ म्हणण्यात अर्थ नाही. कुणाला, कधी, कसं सांगायचं आणि सोबत कोण बसणार, हे दोघींनी मिळून ठरवायचं.

मुलांचं वेगळंच. अनोळखी नंबरवरून व्हिडिओ कॉल येतो, समोर एक मुलगी असते, कॉल रेकॉर्ड होतो आणि मग ‘पैसे पाठव, नाहीतर कॉन्टॅक्ट लिस्टमधल्या सगळ्यांना पाठवतो’ सुरू होतं. मुलं हे कुणालाच सांगत नाहीत. मित्र अचानक उसने पैसे मागायला लागला, फोन उलटा ठेवायला लागला, तर चेष्टा न करता एकदा विचारा.

प्रशिक्षणात आणखी एक गोष्ट शिकवतात, जी ऐकून मी दचकले होते. समोरची व्यक्ती ‘आता काही अर्थ नाही’ असं बोलायला लागली, तर स्पष्ट विचारायचं : ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. उलट कुणीतरी विचारलं म्हणून बोलणं सुटतं. उत्तर ‘हो’ आलं तर तिला एकटं सोडायचं नाही आणि मोठ्या, भरवशाच्या माणसाला लगेच सांगायचं. ‘कुणालाच सांगणार नाही’ अशी शपथ म्हणूनच आधी घ्यायची नाही.

आधी पुरावा, मग रिपोर्ट, शेवटी ब्लॉक

‘जोडा’ म्हणजे योग्य ठिकाणी पोहोचवा. पण आधी पुरावा. प्रोफाइलची लिंक, युजरनेम, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट. हे काम मैत्रिणीने करावं, म्हणजे तिला ते पुन्हा पुन्हा बघावं लागत नाही. नग्न किंवा खासगी फोटो असेल तर पुरावा म्हणूनसुद्धा कुणाला फॉरवर्ड करायचा नाही. फोटोतली व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर तो सेव्हही करू नका. तो बाळगणं, पाठवणं हाच गुन्हा आहे. लिंक लिहून घ्या आणि पोलिसांना किंवा १०९८ ला कळवा.

खासगी फोटो पसरण्याची भीती असेल, तर ‘स्टॉप एनसीआयआय’ ही २०२१ मध्ये सुरू झालेली मोफत सोय १८ वर्षांवरच्यांसाठी आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. आपल्या फोनमध्येच त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो, तेवढाच जातो आणि त्यावरून इन्स्टा, फेसबुकसारख्या ठिकाणी तो फोटो अडवला जातो.

तक्रार केंद्र सरकारच्या सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन पोर्टलवर करता येते. महिला आणि मुलांविरुद्धच्या काही गुन्ह्यांत नाव न देताही. पैसे गेले असतील तर १९३०. दुसऱ्याच्या नावाने अकाउंट काढणं, अश्लील मजकूर टाकणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्यात गुन्हे आहेत. ऑनलाइन पाठलाग भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतो. या कायद्यातल्या गुन्ह्यांचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी करतो, म्हणून बऱ्याचदा ‘सायबर सेलला जा’ असं ऐकायला मिळतं. आपल्यासाठी सायबर सेल म्हणजे चिखलीवरून बुलढाणा, येण्या-जाण्यात दिवस गेला. पण गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घेणं नव्या कायद्याने जवळच्या ठाण्याला बंधनकारक आहे. हे शांतपणे सांगणारं कुणी सोबत असलं की फरक पडतो.

मनासाठी १४४१६, म्हणजे टेली मानस. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. पहिला फोन तुम्ही लावून द्या. नंबर देणं आणि नंबर लावून देणं यात फार अंतर आहे.

कॉलेजचं काय?

२५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर निकाल दिला. विशाखापट्टणममधल्या नीटच्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूचं प्रकरण होतं. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण हवं, टेली मानसचा नंबर ठळकपणे लावलेला हवा, असं त्यात आहे. शिक्षकेतरही, हे मला फार पटलं. कारण रडणारी मुलगी आधी दिसते ती लायब्ररीतल्या काकांना, प्राचार्यांना नाही.

खेड्यात हे जमणार नाही असं कुणी म्हटलं, तर नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्याचं उदाहरण आहे. पुण्याच्या एका संस्थेने तिथे ‘आत्मीयता’ प्रकल्पात गावातल्याच साध्या माणसांना शिकवून लोकांच्या ताणतणावावर बोलायला तयार केलं. डॉक्टर नाहीत, शेजारीपाजारीच. एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात रस्ता झाडण्यासोबत एक दिवस याला देता येणार नाही का?

अर्थात प्रशिक्षण घेतलं म्हणून आपण समुपदेशक होत नाही. झोप उडालेली, खाणं सुटलेलं आठवडाभर चाललं तर डॉक्टरच लागतो. आणि दुसऱ्याचं ऐकून ऐकून आपल्यालाही थकायला होतं. तेव्हा आपणही कुणाशी तरी बोलावं, १४४१६ आपल्यासाठीही आहे.

मैत्रिणीने पुढच्या वर्षी परीक्षा दिली, पास झाली. हा लेख छापायला देण्याआधी तिला वाचायला पाठवला. तिने एकच दुरुस्ती सांगितली : ‘त्या अकाउंटला आपल्या वर्गातले एकोणीस जण फॉलो करत होते. एकानेही रिपोर्ट केलं नाही. ते लिही.’