कोविड बरा झाला, मग फोडणीला कुजका वास का?

तुमच्या ओळखीत असं कुणीतरी असेलच. कोविड होऊन केव्हाच बरं झालेलं, पण लसणाची फोडणी पडली की अजून स्वयंपाकघरातून उठून जाणारं. ऑफिसात कॉफी नको म्हणतात, सुट्टीला भारतात गेल्यावर घरच्या जेवणाला नाक मुरडतात आणि वर "तिकडे जाऊन नखरे वाढले" हेही ऐकून घेतात. नखरे नाहीत हो ते. याला पॅरोस्मिया म्हणतात, म्हणजे ओळखीचा वास भलताच येणं. आणि त्यामागे नाकात काय घडतं हे आता बऱ्यापैकी कळलं आहे.

साध्या सर्दीत वास जातो तो बहुतेकदा नाक चोंदल्यामुळे. कोविडमध्ये नाक मोकळं असूनही वास गायब व्हायचा, हेच कोडं होतं. नाकाच्या अगदी वरच्या भागात एक पातळ अस्तर असतं, त्यात वास टिपणाऱ्या चेतापेशी असतात. विषाणू थेट त्यांच्यावरच हल्ला करत असणार, असं आधी वाटलं. पण २०२० साली हार्वर्डच्या संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या गटाने दाखवलं की विषाणूला आत शिरायला लागणारं एसीई-२ हे प्रथिन या चेतापेशी बनवतच नाहीत. ते बनवतात त्यांच्या शेजारच्या आधारपेशी, ज्या चेतापेशींची सगळी बडदास्त ठेवतात. पंगतीत वाढपीच आजारी पडले तर जेवणारे धडधाकट असूनही उपाशी राहणार, तसंच हे. वाढपी बरे झाले की पंगत पुन्हा सुरू होते, म्हणूनच बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत आला.

काहींच्या बाबतीत मात्र चेतापेशीही मरतात. सुदैवाने वासाच्या चेतापेशी आयुष्यभर नव्याने तयार होऊ शकतात, मज्जासंस्थेत ही सोय फार क्वचित आढळते. खरी गंमत (आणि त्रास) पुढे आहे. माणसाकडे वासाचे रेणू पकडणारी सुमारे ४०० प्रकारची ग्राही प्रथिनं असतात. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये त्यांची जनुकं शोधली, २००४ चं नोबेल त्यासाठीच. एका चेतापेशीत साधारणपणे एकाच प्रकारचं ग्राही असतं आणि तिचा तंतू हाडातल्या बारीक छिद्रांतून मेंदूतल्या ठरलेल्या ठिकाणी पोहोचतो. कॉफीचा वास म्हणजे अशा अनेक ग्राहींनी मिळून वाजवलेली सुरावट. आता पेटीच्या निम्म्या पट्ट्या बंद असताना भीमपलास वाजवून बघा. नव्या पेशी अपुऱ्या असतील किंवा त्यांचे तंतू चुकीच्या जागी जोडले गेले असतील, तर असंच काहीसं होत असावं, असं मानलं जातं.

पण मग सगळेच वास का बिघडत नाहीत? रेडिंग विद्यापीठाच्या जेन पार्कर आणि सहकाऱ्यांनी कॉफीच्या वासातले घटक यंत्राने वेगळे केले आणि पॅरोस्मिया असलेल्यांना एकेक हुंगायला दिले. सर्वाधिक लोकांना त्रास देणारं निघालं २-फ्युरानमिथेनथायॉल. एरवी आपल्याला तो छान भाजल्याचा वास वाटतो. हे गंधकयुक्त संयुग आहे आणि अत्यंत कमी प्रमाणातही नाकाला जाणवतं. कांदा, लसूण आणि हिंग यांचे वासही मुख्यतः गंधकयुक्त संयुगांचेच. त्यात ते तापलेल्या तेलात घालायची आपली पद्धत! पाहुण्यांत असं कुणी असेल तर साधा दहीभात पुढे करा. थंड पदार्थातून वासाचे रेणू कमी उडतात.

उपाय? जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांच्या गटाने २००९ मध्ये, म्हणजे कोविडच्या कितीतरी आधी, एक साधा व्यायाम तपासला होता. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास दिवसातून दोनदा, लक्ष देऊन, १२ आठवडे हुंगायचे. पहिले काही आठवडे काहीच कळत नाही, तिथेच बरेच जण सोडतात. सगळ्यांना गुण येत नाही, पण अनेकांना फायदा होतो, खर्च जवळपास शून्य आणि धोका नगण्य. माझं मत विचाराल तर महागड्या किटची गरज नाही, तुमच्या मिसळणाच्या डब्यापासून सुरुवात करा.

आता जरा गंभीर. स्वयंपाकाच्या गॅसला येणारा वास मुद्दाम मिसळलेला असतो, तोही मर्कॅप्टनचा, म्हणजे पुन्हा गंधकच. वास न येणाऱ्या माणसाला गॅस गळती कळत नाही. परदेशातल्या घरात भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असतो, पण तो गॅस गळती ओळखत नाही. त्यासाठी वेगळा डिटेक्टर लागतो. उरलेल्या भाजीच्या डब्यावर तारीख लिहायची सवयही लावून घ्या.

आणि तुमचे आईवडील गावी किंवा पुण्या-मुंबईत एकटे राहत असतील, तर त्यांचं काय? वयानुसार वास असाही कमी होतो, आणि तो गेल्याचं कित्येकांच्या स्वतःच्या लक्षातही येत नाही. व्हिडिओ कॉलवर ते दिसणारही नाही. पुढच्या कॉलला लवंगेची बाटली आणायला सांगा, डोळे मिटून हुंगायला लावा आणि काय वास येतोय ते विचारा. उत्तर देताना त्या अडखळल्या, तर डॉक्टरांची वेळ घ्या आणि गॅस डिटेक्टर मागवून द्या.