परदेशातील ऐतिहासिक वास्तू : खरेदीखतानंतरचे प्रश्न

लखनौच्या चौक भागातील ‘फिरंगी महल’ ही वास्तू आपल्या जुन्या मालकाची ओळख नावातच जपून आहे. मुघलकाळात ही हवेली एका युरोपीय व्यापाऱ्याकडे होती. परकीयाची मालमत्ता म्हणून ती सरकारजमा झाली, असे परंपरा सांगते. सिहालीचे विद्वान मुल्ला कुतुबुद्दीन यांच्या हत्येनंतर, सतराव्या शतकाच्या अखेरीस औरंगजेबाने ती त्यांच्या मुलांना दिली. त्यांपैकी मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘दर्स-ए-निजामी’ हा अभ्यासक्रम पुढे दक्षिण आशियातील असंख्य मदरशांनी स्वीकारला. हवेली विद्याकेंद्र झाली. नाव मात्र फिरंग्याचेच राहिले.

परक्या भूमीतील घरावरचा हक्क तेथील राज्यसत्तेच्या नियमांनुसार ठरतो, हे सूत्र आजही कायम आहे. महाराष्ट्राला त्याचा अनुभव लंडनमध्ये आला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये उत्तर लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड येथे वास्तव्यास होते. हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ३० लाख पौंडांहून अधिक किंमत देऊन विकत घेतले. त्याच वर्षी १४ नोव्हेंबर रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. पेच निर्माण झाला तो त्यानंतर. घराची नोंद निवासी वापरासाठी होती आणि संग्रहालयासाठी वापरबदलाची परवानगी आवश्यक होती. निवासी जागा कमी होईल, या कारणास्तव कॅम्डेन येथील स्थानिक परिषदेने २०१८ मध्ये ती नाकारली. अपील झाले, २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली आणि अखेर मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने संग्रहालयास मान्यता दिली. मालकी निर्विवाद असूनही वापराचा हक्क मिळण्यास चार वर्षांहून अधिक काळ लागला.

या प्रकरणातून दोन स्वतंत्र बाबी स्पष्ट होतात. मालकी खरेदीखताने मिळते. वापर, दुरुस्ती आणि फेरबदल यांचे अधिकार स्थानिक नियोजन कायद्याने मिळतात. ब्रिटनमध्ये वारसा यादीत नोंदलेल्या इमारतीच्या स्वरूपावर परिणाम करणारे बदल विनापरवाना करणे हा फौजदारी गुन्हा आहे. त्यामुळे व्यवहारापूर्वीच इमारतीची नोंद, अनुज्ञेय वापर आणि परिसरावरील निर्बंध तपासणे अत्यावश्यक ठरते.

भारतातील निवासी व्यक्तीला परदेशात घर घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेअंतर्गत एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम पाठविता येते. ही रक्कम अधिकृत बँकेमार्फतच पाठवावी लागते आणि परदेशातील मालमत्तेचा तपशील प्राप्तिकर विवरणपत्रात द्यावा लागतो.

उलट दिशेचे नियम अधिक कडक आहेत. भारतीय वंशाचा नसलेला आणि भारताबाहेर राहणारा परदेशी नागरिक येथे सर्वसाधारणपणे स्थावर मालमत्ता विकत घेऊ शकत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा मात्र करता येतो. अनिवासी भारतीयांना आणि परदेशस्थ भारतीय नागरिकत्व कार्डधारकांना घर घेण्याची मुभा आहे. शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस मात्र घेता येत नाही.

म्हणजेच चौकातील एखादी जुनी हवेली विकत घेणे आजच्या ‘फिरंग्या’लाही सहजसाध्य नाही. आणि लंडनमधील स्मारकाने दाखविल्याप्रमाणे, सातासमुद्रापार घर घेणाऱ्या भारतीयाचे खरे काम खरेदीखतावरील स्वाक्षरीनंतरच सुरू होते.