पत्र्यावर चढताना पट्टा कधी लागतो?

मे महिना संपत आला की पत्र्याची कामं निघतात. भिवंडी-मालेगावच्या लूमच्या शेडवर, गच्चीवर टाकलेल्या पत्र्यांवर, गावाकडच्या पडवीवर कुणी ना कुणी चढलेला दिसतो. फुटका पत्रा बदलायचा, डांबर लावायचं, ताडपत्री टाकायची, आणि सगळं पहिल्या पावसाच्या आत. या कामांत आपल्या समाजातली मुलं भरपूर आहेत. एसी बसवणारे, वॉटरप्रूफिंगवाले, वेल्डर, रंगारी, आता सोलरवाले. चढताना अंगात बनियन आणि पायात चप्पल, हेच चित्र जास्त. म्हणून छतावर सुरक्षेची साधनं नेमकी कधी लागतात, ते आपण नीट समजून घेऊ.

कुणालाही विचारा, उत्तर येतं, "उंच असेल तेव्हा." पण उंच म्हणजे किती? दहा फुटांवरून पडलेला माणूस पाऊण सेकंदाच्या आसपास जमिनीवर येतो आणि ताशी 27-28 किलोमीटर वेगानं आदळतो. सावरायला सवडच नाही. अमेरिकेत बांधकामाच्या जागी सहा फुटांपासूनच पडण्यापासून बचावाची सोय करावी लागते. ब्रिटनच्या 2005 च्या नियमांनी तर कमीत कमी उंचीची अटच ठेवलेली नाही. पडून इजा होऊ शकते ना, मग नियम लागू. आम्हाला हे पटतं. फूट मोजत बसण्यापेक्षा दोन गोष्टी बघाव्यात: कड उघडी आहे का, आणि पाय ठेवतो ती जागा वजन घेईल का.

कडेचं सोपं आहे. स्लॅबची गच्ची, चारही बाजूंनी साडेतीन फुटांचा मजबूत कठडा, आणि काम टाकी धुण्याचं. इथे पट्ट्याची गरज नाही. न घसरणारे बूट पुरेत. पण तोच माणूस एसीच्या बाहेरच्या युनिटसाठी कठड्यावरून वाकला, किंवा टाकीवर उभा राहिला, की कठडा कमरेखाली गेला. तिथे पट्टा हवाच. बिनकठड्याच्या गच्चीवर कडेपासून सहा-सात फुटांच्या आत जायचं असेल तरीही हवा. उतरतं छत किंवा शेवाळ धरलेली जागा असेल, तर कड लांब असली तरी हवा, कारण घसरलेला माणूस कडेपर्यंत जातोच.

खरा धोका आहे सिमेंटच्या पत्र्यात. तो दिसतो दगडासारखा, पण उन्हापावसानं जुना झाला की ठिसूळ होतो आणि तुटताना आधी वाकून इशारा देत नाही. "मागच्या साली मी याच पत्र्यावरून चाललो होतो," असं कारागीर सांगतात. त्यावर विसंबू नये, मधे एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेलेला असतो. काही जण हुकांच्या रांगेवर पाय ठेवत चालतात, कारण खाली आडवा अँगल असतो. पण पाय चार बोटं सरकला तरी तो पत्र्यावरच पडतो. उजेडासाठी मधेमधे लावलेले फायबरचे पत्रे तर आणखी फसवे. दोन-तीन वर्षांत धूळ बसून ते बाकीच्यांसारखेच दिसू लागतात.

अशा छतावर पट्टा हा शेवटचा उपाय. आधी हे विचारा की वर चढायलाच हवं का? लूमच्या शेडमध्ये खालून परांची लावून पत्रा बदलता येतो. मालक म्हणतो, "माग बंद ठेवावे लागतील, चाचा." हो, लागतील. तेवढा भाग एक दिवस रिकामा करावाच लागेल. चढणं टळतच नसेल, तर निदान दोन-तीन अँगलवर टेकतील अशा लांब, रुंद फळ्या टाका, त्यांच्यावरूनच चाला, आणि वर पट्टाही लावा.

आता पट्ट्याबद्दल, कारण इथे गैरसमज फार. नुसत्या कमरेचा पट्टा पडणाऱ्याला झेलण्यासाठी वापरू नये; झटका पोटावर आणि मणक्यावर बसतो. खांदे, छाती आणि मांड्या धरणारा पूर्ण हार्नेस घ्या, त्यावर आयएस 3521 ची खूण बघा. शिवण उसवलेली किंवा पट्टी जळलेली असेल तर तो बाद. एकदा झटका खाल्लेला हार्नेसही बाद, दिसायला नवा असला तरी. दुसरं म्हणजे दोरी बांधायची कुठे? पडणाऱ्याचा झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. पाण्याचा पाईप, प्लास्टिकची टाकी, डिशचा खांब, सोलरची फ्रेम तो घेत नाहीत. आरसीसी कॉलम किंवा कैचीचा मुख्य लोखंडी भाग शोधावा. बांधायला जागाच नसेल तर हार्नेस म्हणजे अंगावरचं ओझं.

तिसरं फारसं कुणी सांगत नाही. सहा फुटांची दोरी, तिच्यावरची उलगडणारी झटकापट्टी आणि माणसाची स्वतःची उंची धरली, तर खाली अठरा-वीस फूट मोकळे लागतात. दहा-बारा फुटांच्या घरावर पट्टा काम करायच्या आत माणूस जमिनीला लागतो. तिथे दोरी इतकी आखूड ठेवा की कडेपर्यंत पोचताच येऊ नये. आणि एकट्यानं चढू नये; हार्नेसमध्ये लटकलेल्याला काही मिनिटांत खाली घ्यावं लागतं.

हेल्मेटची हनुवटीची पट्टी लावलेली हवी, नाहीतर डोक्याआधी हेल्मेट खाली. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असतो. तो ग्राइंडरनं कापू नये, पाणी मारून अख्खा उतरवावा. तोंडाला बांधलेला रुमाल त्या धुळीला अडवत नाही. मोहल्ल्यात गच्चीला खेटून जाणाऱ्या तारांपुढे तर कुठलाच पट्टा कामाचा नाही. तिथे लाईन बंद करून घ्या, ॲल्युमिनियमची शिडी नेऊ नका. ईद-ए-मिलादची रोषणाई बांधायला मशिदीच्या गच्चीवर चढणाऱ्या पोरांनाही हे सगळं लागू आहे, काम सवाबाचं असलं तरी. पत्र्यावर गेलेला चेंडू काढायला चढणाऱ्या शाळकरी मुलांसाठी मात्र साधन कुठलंच नाही, चेंडू गेला असं समजायचं.

घरच्या छोट्या कामावर तपासायला कुणी अधिकारी येत नाही. काम देणाऱ्यानंच विचारायचं, "भाई, पट्टा आणलाय का?" आणि नसेल तर त्या दिवशी काम थांबवायचं. वर्षात 90 दिवस बांधकामाचं काम केलेल्या 18 ते 60 वयाच्या कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. मंडळाच्या सुरक्षा संचात हार्नेस, हेल्मेट, बूट असतात. अनेक घरांत तो संच माळ्यावर पडून आहे. तो उतरवून पट्ट्या तपासा. आणि कुणी पडलाच, तर त्याला दुमडून रिक्षात घालू नका. मान-पाठ न हलवता तिथेच राहू द्या आणि 108 ला फोन करा.