चक्रांग आणि भुवई बदक : दोघांतील भेद

हिवाळ्यात निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयाकडे दुर्बीण लावली, की लहान तपकिरी बदके एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसतात. त्यांत चक्रांग आणि भुवई बदक या दोन जाती हमखास गल्लत करतात. नर रंगात असले तर प्रश्नच नाही. चक्रांगाचे डोके तांबूस आणि डोळ्यावर हिरवा पट्टा. दुसऱ्याच्या डोळ्यावर पांढरी ठसठशीत भुवई. चित्रांच्या पुस्तकांत हेच नर ऐटीत पुढे असतात, माद्या कोपऱ्यात.

पण श्रोतेहो, ऑक्टोबरात नरही माद्यांसारखेच दिसतात. विणीनंतर बदकांची उडण्याची पिसे एकदमच गळतात आणि काही आठवडे त्यांना उडता येत नाही. त्या दिवसांत शत्रूच्या नजरेत भरू नये म्हणून नर मातकट वेष घेतात. चक्रांगाचा नर थंडीच्या सुरुवातीस पुन्हा सजू लागतो. भुवईचा नर मात्र हिवाळा बराच सरेपर्यंत त्याच वेषात राहतो. तेव्हा रंगावर भिस्त ठेवू नये.

आधी चेहरा पाहावा. भुवईच्या मादीचा चेहरा पट्ट्यापट्ट्यांचा : डोळ्यावर फिकट रेघ, डोळ्यातून काळी, गालावर आणखी एक काळपट, शिवाय चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका. चक्रांगाच्या मादीचा चेहरा त्यामानाने साधा. चोच आखूड, पुष्कळदा मुळाशी नारिंगी झाक असलेली. भुवईची चोच लांबट व करडी. पक्षी पाठमोरा असेल तर शेपटीच्या बुडाशी बाजूला फिकट रेघ शोधावी; ती दिसली की चक्रांग. आम्हांला हीच खूण सर्वांत उपयोगी वाटते. भुवईचा नर उडाला, तर पंखाचा पुढचा निळसर राखाडी भाग साध्या वेषातही त्याला उघडा पाडतो.

एवढा खटाटोप कशासाठी? नांदूर मध्यमेश्वर २०२० साली रामसर यादीत आले, महाराष्ट्रातले पहिले. त्या यादीची एक कसोटी अशी, की पाणपक्ष्याच्या एखाद्या जातीच्या किंवा उपजातीच्या एकूण संख्येपैकी १ टक्का पक्षी त्या पाणथळीवर नियमित असावेत. जातवार मोजणीवाचून हा हिशेब मांडताच येत नाही. पगारवाढीच्या वाटाघाटीत 'पुष्कळ कामगार' म्हणून चालत नाही, खातेवार आकडा लागतो, तसेच हे. जानेवारीच्या गणनेत ओळख न पटलेल्या बदकांसाठी वेगळा रकाना ठेवावा; अंदाजाने ती चक्रांगांत ढकलू नयेत.