बेअरिंग अडकली? हातोडा खाली ठेवा!

आमच्या शेजारच्या रिक्षाचालक बंधूंनी जुन्या दोन स्ट्रोक रिक्षाचे इंजिन खोलले होते. क्रँकशाफ्टची खराब बेअरिंग काही केल्या केसमधून निघेना. रिक्षा बंद म्हणजे चूल बंद! बंधूंनी हातोडा उचलला. आम्ही पडलो कारकून, गप्प राहिलो. पण वयस्क मिस्त्रींनी त्यांचा हात धरला. "केस फुटली तर बेअरिंगपेक्षा कितीतरी जास्त खर्च!"

केस अ‍ॅल्युमिनियमची, बेअरिंग पोलादी. उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम जवळजवळ दुप्पट फुगते. ५० मि.मी.चे भोक ८० अंशांनी तापले तर सुमारे ०.०९ मि.मी. मोठे होते, तेवढीच तापलेली पोलादी बेअरिंग ०.०५ मि.मी.च वाढते. म्हणून पकड सुटते.

मिस्त्रींनी आधी सील व लॉक काढले, पेट्रोल-ऑइल पुसले. वहिनींनी घरातून उकळते पाणी आणले. ते बेअरिंगच्या भोवती सावकाश ओतले. मग जाड कापडाने केस धरून लाकडी फळीवर हलकेच आपटली. बेअरिंग खाली पडली!

बंधूंनो, पेट्रोलजवळ उघडा जाळ नको आणि लेकरांना दूर ठेवा. अर्ध्या तासाच्या धीराने केस वाचली. तिसऱ्या दिवशी रिक्षा स्टँडवर लागली.