विचित्र अंड्याची मालकीण
(कुक्कुटपालनाची शास्त्रीय ओळख : लेखांक ९)

कळपातील विचित्र अंडे कोणत्या कोंबडीचे, हे ठरविण्याची सुरुवात त्या अंड्यापासूनच करावी लागते, कारण पिवळा बलक अंडाशयातून सुटल्यापासून अंडे बाहेर पडेपर्यंतच्या सुमारे २५ तासांत जे घडते किंवा बिघडते, त्याची खूण अंड्यावर उरते. मागील लेखांकात पाहिल्याप्रमाणे अंडनलिकेत पांढरा बलक चढण्यास सुमारे ३ तास, त्यावरील पापुद्रे तयार होण्यास सव्वा तास आणि कवच चढण्यास जवळजवळ २० तास लागतात. कवच चढविणाऱ्या या भागास कवचग्रंथी म्हणतात. दोन बलक थोड्याच अंतराने सुटले की ते एकाच कवचात जातात, आणि असे अंडे बहुधा तलंगेचे, म्हणजे नुकत्याच अंड्यावर आलेल्या तरुण मादीचे असते. कवच नसलेले मऊ अंडे दिसल्यास म्हातारी कोंबडी, कॅल्शियमची कमतरता किंवा कडक उन्हाळा यांचा संशय आधी घ्यावा. अंड्याच्या कमरेशी पट्ट्यासारखा उंचवटा असेल, तर कवच पातळ असतानाच ते पोटात तडकले आणि कवचग्रंथीने ते पुन्हा सांधले, असे समजावे. रात्री खुराड्यात झालेली दाटी किंवा घबराट यास कारणीभूत असू शकते.

रंगाचा पुरावा मात्र जपून वापरावा लागतो. तपकिरी रंगद्रव्य मुख्यतः शेवटच्या काही तासांत कवचाच्या पृष्ठभागावर बसत असल्याने घाबरलेल्या कोंबडीचे नेहमीचे तपकिरी अंडे एखाद्या दिवशी फिकट पडते. कानाच्या पाळीवरून अंड्याचा रंग सांगण्याची रीत पांढऱ्या पाळीच्या आणि पांढरी अंडी देणाऱ्या लेगहॉर्नबाबत खरी ठरते. पण लाल पाळीची, मूळची चिली देशातील अरौकाना कोंबडी निळी अंडी देऊन ती खोटी पाडते.

यानंतरचे काम वजाबाकीचे आहे. एक कोंबडी सहसा दिवसात एकच अंडे देत असल्याने, त्या दिवशी नेहमीसारखे अंडे देताना जी दिसली, ती संशयातून सुटते. उरलेल्यांपैकी अंड्यावर असलेल्या कोंबडीचे गुदद्वार मोठे, ओलसर व फिकट असते आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या जघनास्थींमध्ये, म्हणजे कटीच्या टोकदार हाडांमध्ये, दोन किंवा अधिक बोटे मावतात. अंडी न देणारीच्या बाबतीत हे अंतर जेमतेम एक बोट भरते. कलकलाटावरून निर्णय देणे मात्र फसवे, कारण एकीने अंडे दिले की दुसऱ्याही तितक्याच अभिमानाने ओरडतात.

निर्विवाद पुरावा हवा असेल तर कोंबडी आत शिरताच दार पडणारे सापळ्याचे घरटे वापरतात. अमेरिकेतील मेन राज्याच्या कृषी प्रयोग केंद्राने १८९८ पासून अशा घरट्यांच्या साहाय्याने प्रत्येक कोंबडीच्या अंड्यांची नोंद ठेवली होती. परंतु दर थोड्या वेळाने कोंबडीला बाहेर सोडण्यास माणूस हजर लागत असल्याने परसातील पाळणाऱ्यास ते परवडत नाही. त्याला सोपा उपाय म्हणजे सकाळी संशयित कोंबड्या वेगवेगळ्या डालग्यांखाली पाणी व खाद्य देऊन डालणे, किंवा प्रत्येकीच्या गुदद्वाराभोवती खाण्याचा वेगळा रंग लावून अंड्यावर कोणत्या रंगाची रेघ उमटते ते पाहणे. एका अंड्यावर निकाल देऊ नये. तोच दोष त्याच कोंबडीच्या दोन-तीन अंड्यांत दिसल्यावरच तो तिचा मानावा.

सुरकुतलेली, खडबडीत किंवा रंग उडालेली अंडी एकाच सुमारास अनेक घरट्यांत सापडू लागली, तर मालकीण शोधण्यात वेळ घालवू नये. संसर्गजन्य ब्रॉन्कायटिस या श्वसनमार्गाच्या विषाणुजन्य रोगात कवच सुरकुतते व पांढरा बलक पाण्यासारखा होतो, आणि तो रोग कळपात झपाट्याने पसरतो. अशा वेळी ती अंडी जपून ठेवून पशुवैद्यकाला दाखवावीत.