जाहिरातीतला दर आणि हातातलं बिल

बिस्किटाचा पुडा घेताना आपण किंमत पाहतो. पुड्यावर ती छापलेली असते आणि जवळच ‘सर्व करांसह’ असे शब्द असतात. दहा रुपये लिहिले असतील तर दुकानदार अकरा मागू शकत नाही. मागितलेच, तर शाळकरी पोरसुद्धा पुडा उलटा करून त्याला दाखवतं. पण त्याच घरात इंटरनेटची जोडणी येते, तेव्हा उलटून पाहायला पुडाच नसतो. तारेतून येणाऱ्या मालावर किंमत छापायची कुठं? म्हणून आज या बिलाची थोडी फोड करून पाहू.

समजा, एस. टी. स्टँडवरच्या फलकावर लिहिलं आहे, ‘घरबसल्या इंटरनेट, महिना फक्त 499 रुपये.’ तुम्ही कंपनीच्या माणसाला बोलावलं. तार आली, भिंतीवर डबा बसला, मुलीचा अभ्यास सुरू झाला. मग बिल आलं. 499 वर 18 टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे 89 रुपये 82 पैसे. झाले 588 रुपये 82 पैसे. जोडणीचे 1000, त्यावर कर 180. त्या डब्याची, म्हणजे राउटरची, अनामत 1500. बेरीज करा : 3268 रुपये 82 पैसे! जोडणीचे आणि अनामतीचे आकडे मी उदाहरणादाखल धरले आहेत, ते कंपनीगणिक बदलतात. कर मात्र सगळीकडे तोच.

तुम्ही म्हणाल, यात लबाडी कसली? कर सरकारचा, तार ओढायला मजुरी लागते, डबा काही फुकट येत नाही. अगदी बरोबर. पैसे घ्यायला हरकत नाही. हरकत आहे ती उशिरा सांगण्याला. एकदा भिंतीला भोक पडलं आणि पोरगी अभ्यासाला बसली, की ‘नको, काढून न्या’ असं म्हणणं जड जातं. किंमत अशी थेंबाथेंबानं सांगण्याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानंही नाव ठेवलं आहे. 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत ऑनलाइन व्यवहारातल्या 13 फसव्या युक्त्या दिल्या आहेत, त्यांत ही एक आहे.

आता मोबाइलकडे वळू. पुष्कळ रिचार्ज 28 दिवसांचे असतात आणि आपण त्याला ‘महिन्याचा’ म्हणतो. गुरुजी, हे गणित उद्या फळ्यावर घाला : 28 गुणिले 13 किती? 364. म्हणजे वर्षाचे महिने बारा, पण रिचार्ज तेरा. तीनशे रुपयांचा रिचार्ज धरला, तर 3600 च्या ठिकाणी 3900 जातात. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ‘ट्राय’नं, जानेवारी 2022 मध्ये आदेश काढला, की प्रत्येक कंपनीनं निदान एक योजना 30 दिवसांची आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नवी करता येईल अशी ठेवावी. दुकानदार आपण होऊन ती सांगेलच असं नाही. विचारायला हवं.

तिसरी मेख ‘अमर्याद’ या शब्दात. ठरलेला वापर संपला, की पुष्कळ योजनांत वेग खाली येतो. नळ चालू असतो, पण धार करंगळीएवढी. मर्यादा किती, तोवर वेग किती आणि पुढे किती, हे ग्राहकाला आधी स्पष्ट सांगावं, असं ट्रायनं कंपन्यांना बजावलेलं आहे.

तेव्हा मंडळी, तार घरात येण्यापूर्वी एवढं विचाराच. करासह महिन्याचे किती? पहिल्या दिवशी एकंदर किती आणि त्यातले परत किती मिळणार? हा दर किती महिने आणि त्यानंतर काय? वेग कधी व किती उतरणार? आणि जोडणी बंद केली, तर अनामत किती दिवसांत मिळेल? उत्तरं तोंडी घेऊ नका. कागदावर किंवा मोबाइलच्या संदेशात लिहून मागा.

पैसे दिले की पावती घ्या. कर आकारला असेल, तर पावतीवर 15 अक्षरांचा जीएसटी क्रमांक असायला हवा. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक 27 नं सुरू होतो, गोव्यातला 30 नं. कराचे पैसे घेतले आणि क्रमांक नाही, तर तिथंच थांबून विचारा.

इतकं करूनही बिलात भलता आकडा आला तर? आधी कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. त्या क्रमांकावाचून पुढचं पाऊल पडत नाही. दाद लागली नाही, तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, हे ध्यानात ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग आहेच. दूरसंचाराच्या तक्रारी तिथं चालू शकतात, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2022 मध्ये दिला आहे. तुम्ही सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल, तर तिथं फी लागत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. शेकडेवारी शिकवताना मुलांना घरचं इंटरनेटचं बिल आणायला सांगा. कर काढू द्या, बेरीज ताडून पाहू द्या. घरी जाऊन ते पोर बापाला विचारील, ‘दादा, हे शंभर रुपये कसले?’ तो प्रश्न त्या घरात एकदा विचारला गेला, की पुढच्या महिन्यापासून बिल न वाचता पैसे द्यायची सवय मोडेल.